गोव्यातली ग्राफिक नॉव्हेल्स, मांगा आणि आपली भाषा : वाचलेलं, आवडलेलं, हवं असलेलं

साळावलीकाठ

भारतातलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या 'रिव्हर ऑफ स्टोरीज'चे कर्ते ओरिजित सेन यांचं गोव्याशी जवळचं नातं आहे. गोवा विद्यापीठात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या नावाचं अध्यासन आहे, त्यावर ते होते. त्या काळात त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाच्या बाजाराचा चित्रांतून नकाशा मांडायचा प्रकल्प केला. 'करी', 'आदि पर्व' आणि 'सौप्तिक' लिहिणाऱ्या-चितारणाऱ्या अमृता पाटील गोव्यात वाढल्या, गोवा कला महाविद्यालयात शिकल्या. तरीही आपल्या मराठी वाचनकट्ट्यांवर, ग्रंथालयांच्या कार्यक्रमांत, दिवाळी अंकांच्या चर्चेत ही नावं मला फारशी ऐकू येत नाहीत. म्हणून हा धागा. कॉमिक्स, मांगा (म्हणजे जपानी कॉमिक्स), ग्राफिक नॉव्हेल (म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी), काहीही चालेल. वाचलेलं सविस्तर लिहा.

सुरुवात मी 'रिव्हर ऑफ स्टोरीज'पासून करतो. १९९४ साली कल्पवृक्ष या संस्थेने ते काढलं. नंतर बरीच वर्षं ते मिळत नव्हतं, २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्टने पुन्हा छापलं. विषय नर्मदा खोऱ्यातलं धरण आणि आंदोलन. पुस्तकात धरणाचं नाव रेवासागर आहे. दोन कथा शेजारी शेजारी चालतात. एकीत विष्णू नावाचा तरुण पत्रकार खोऱ्यात फिरतो, माणसांना भेटतो. दुसरीत मालगू गायन नावाचा गायक सृष्टीच्या उत्पत्तीची आदिवासी कथा गातो, त्यात कुजुम चंटू ही आदिमाता आहे. पत्रकाराची पानं नेहमीच्या चौकटींत, शाईच्या बारीक रेघांनी भरलेली. गायकाची पानं मोकळी, वळणावळणाची. तिथे नदी, झाड आणि माणूस एकाच रेषेतून निघतात. वाचता वाचता ध्यानात येतं की सरकारी अधिकारी नदीबद्दल बोलतो तेव्हा चित्रात नदी जवळजवळ नसतेच, आणि गायक बोलतो तेव्हा नदीशिवाय दुसरं काही नसतं. हा युक्तिवाद सेन यांनी एकाही वाक्यात मांडलेला नाही, पानाच्या मांडणीतच तो केला आहे. आंदोलनाची बाजू घेणारी पुस्तकं खूप असतात. रेषेचा स्वभाव बदलून बाजू घेणारं मी हे एकच पाहिलं.

मी सांग्यात राहतो, त्यामुळे हे पुस्तक मला नर्मदेपाशी थांबू देत नाही. साळावली धरणात १९८०च्या दशकात कुर्डी गाव बुडालं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. माणसांना वाडे, वालकिणी भागात वसवलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं: घरांचे चौथरे, विहिरी, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. मे महिन्यात मूळचे गावकरी तिथे जमतात, उत्सव करतात, पाऊस आला की गाव पुन्हा पाण्याखाली. आणि त्याच धरणाचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना येतं, माझ्या घरीही. म्हादई नदीच्या पाणीवाटपावर आपण सगळे बोलतो. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यातले कर्नाटकला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि गोव्याला २४ टीएमसी हे आकडे अनेकांना पाठ आहेत. कुर्डीवर मात्र एकही चित्रकथा मराठीत किंवा कोंकणीत माझ्या वाचनात नाही. वर्षातले काही आठवडे दिसणारं आणि उरलेलं वर्ष न दिसणारं गाव. हा विषय चित्रांतच सांगायचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

अंत्रुजी

चांगला धागा. माझं थोडं जुनं सांगतो.

गोवा मुक्तीनंतर मराठी शाळा गावोगावी उघडल्या, त्या पहिल्या पिढ्यांतला मी. आमच्याकडे कॉमिक्स मराठीतूनच आलं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये इंग्रजीतून सुरू झालं, मग मराठीतही आलं आणि वेताळ, मॅन्ड्रेक आमच्या घरचे झाले. अनंत पैंनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली, तीही मराठीत मिळायची. चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक ही आपलीच माणसं. वाईरकरांच्या रेषेतली चपळाई मला अजून दिसते, घोडा उधळला की चौकटीच्या बाहेर जातोय असं वाटायचं. फोंड्याहून पणजीला जायचं झालं तर बसस्टँडवरच्या स्टॉलवर एक अंक ठरलेला.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं आणि आमच्यासाठी ती वाटही संपली. 'सकाळ'मध्ये १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला. तो मला फार आवडतो, पण ती तीन चौकटींची पट्टी. मोठ्या माणसासाठी मोठी गोष्ट चित्रांतून सांगणारं काही मराठीत आमच्या हाती पडलं नाही. म्हणून माझ्या वयाच्या लोकांना कॉमिक्स म्हणजे बालपण वाटतं. दोष वाचकांचा नाही, पुढचं पुस्तकच आलं नाही.

साळावलीकाठबाब, अमृता पाटीलांवर एवढं थोडक्यात का? 'आदि पर्व' मी वाचलंय, त्यावर लिहितो.

महाभारताचं हे पुस्तक २०१२ चं. गोष्ट गंगा सांगते. रात्रीच्या वेळी, जमलेल्या वाटसरूंना, सूत्रधार होऊन. ते सगळे प्रसंग कोळशाच्या काळ्या-करड्या रेषांत आहेत आणि ती सांगते ती कथा रंगात. म्हणजे ऐकणाऱ्याचं जग करडं आणि ऐकलेलं जग रंगीत. कीर्तनात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मधूनच कोणीतरी श्रोता शंका काढतो, वाद घालतो, गंगा उत्तर देते. 'सौप्तिक'मध्ये (२०१६) हीच जागा अश्वत्थाम्याला दिली आहे आणि त्यामुळे सूर पूर्ण बदलतो. जखम घेऊन फिरणारा माणूस गोष्ट सांगतोय. मला पहिलं पुस्तक जास्त भावलं. 'सौप्तिक'मध्ये मजकूर काही पानांवर इतका दाटतो की चित्राला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

पेडण्याची पोर

मी कॉलेजात आहे आणि मुख्यतः मांगा वाचते. आमच्या वर्गात डीमन स्लेयर, जुजुत्सु कायसेन, वन पीस माहीत नसलेलं कोणी सापडणार नाही. पण बहुतेकांनी अ‍ॅनिमे, म्हणजे त्यांच्या कार्टून मालिका, बघितलेल्या असतात, मांगा वाचलेले कमी. मी उलटी. मला कागदावरचं आवडतं, कारण किती वेळ कुठे थांबायचं ते माझ्या हातात असतं.

'फ्रीरेन'बद्दल लिहायचंय. लेखन कानेहितो यामादा, चित्रं त्सुकासा आबे, २०२० पासून 'शोनेन संडे' साप्ताहिकात येतंय आणि २०२१ चा मांगा ताइशो पुरस्कार त्याला मिळाला. गोष्ट सुरू होते तिथे खरं तर इतर गोष्टी संपतात. चौघांनी दहा वर्षं प्रवास करून राक्षसराजाला मारलं, परत आले, सत्कार झाला. फ्रीरेन ही एल्फ, हजारो वर्षं जगणारी. दहा वर्षं तिला काहीच वाटत नाहीत. पन्नास वर्षांनी उल्कावर्षाव पाहायला ती परत येते तेव्हा नायक हिमेल म्हातारा झालेला असतो, आणि थोड्याच काळात जातो. अंत्यविधीत तिला रडू फुटतं की हा माणूस कसा होता हे आपण कधी जाणून घेतलंच नाही. पुढचा सगळा प्रवास त्यासाठी.

मला काय विलक्षण वाटतं, तर ते काळ कसा दाखवतात. 'सहा महिने गेले' हे एका चौकटीत येतं, कधी कधी नुसतं झाड आणि बर्फ. आणि एखादा चहाचा प्रसंग दोन पानं. फ्रीरेनला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच पान घेतं. हाणामारीचे प्रसंग मला सर्वांत कमी आवडले, जादूगारांच्या परीक्षेचा भाग तर लांबलाच आहे. पण गावातल्या पुतळ्यावरचं शेवाळ साफ करणारी फ्रीरेन मी पुन्हा पुन्हा काढून बघते.

घरी आजी विचारते काय वाचतेस. तिला मी गोष्ट तोंडी सांगते, कोंकणीत. पुस्तक हातात देऊ शकत नाही. ते इंग्रजीत आहे आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. उजवीकडून वाचायचं ती शिकेल, माझी खात्री आहे. इंग्रजीचं काय करू?

खांडेपार

@पेडण्याची पोर, पुस्तकं कुठून घेता? आणि खर्च परवडतो का? मुलगा मागे लागलाय.

पेडण्याची पोर

@खांडेपारकाका, एकेक खंड साधारण चारशे-पाचशेच्या घरात जातो, मालिका लांब असेल तर अवघडच. वन पीसचे शंभरावर खंड आहेत, त्याच्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नका. आम्ही मैत्रिणी एकेक मालिका वाटून घेतो आणि अदलाबदल करतो. मुलगा आठवी-नववीत असेल तर डीमन स्लेयर चालेल, २३ खंडांत संपतं; रक्तपात आहे, तेवढं बघा. पायरसीच्या साइटींवर वाचू देऊ नका. चित्रकार आठवड्याला एक प्रकरण काढताना तब्येत घालवतात, त्यांना पैसे पोचले पाहिजेत.

लोटलीचा रस्ता

मारियोंचं नाव अध्यासनाच्या निमित्ताने आलं, पण त्यांच्या रोजनिशांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

मारियो मिरांडा (१९२६–२०११) म्हटलं की आपल्याला मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका आणि कपांवरची, टाइल्सवरची चित्रं आठवतात. तरुणपणी ते रोज चित्रांतून रोजनिशी लिहायचे. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिशा पुस्तकरूपात आल्या आहेत. तेव्हा ते विशी ओलांडलेले, अजून प्रसिद्ध नव्हते. दिवसाला एक चित्र आणि थोडं लिखाण. गावातलं लग्न, पाद्री, पावसात अडकलेली माणसं, कंटाळा, पार्टी, कोणाचं तरी भांडण.

एक चित्र पाहिलं तर व्यंगचित्र वाटतं. सलग पन्नास पानं वाचली की ती कादंबरी होते. तीच माणसं पुन्हा येतात, मे महिन्याची सुट्टी येते, मुंबईहून नातेवाईक येतात, जातात. कोणी तसं ठरवलेलं नाही, पण मुक्तीआधीच्या सासष्टीतल्या एका वर्गाचं जगणं दिवसवार नोंदलं गेलंय. एका वर्गाचं, हे मुद्दाम म्हणतो. कूळ, मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे), रेंदेर (माडी काढणारे), पोदेर (पाववाले) त्यात येतात ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बाल्कांवातून (ओसरीतून) दिसतात तसे. त्यांनी काढलेली रोजनिशी कशी दिसली असती, हा प्रश्न ती पुस्तकं मिटल्यावर मला सोडत नाही.

रेषा मात्र बघत राहावी. गर्दीत शंभर माणसं असली तर प्रत्येकाला स्वतःचं नाक आहे.

साळावलीकाठ

पेडण्याच्या पोरीने आजीचं लिहिलं, त्यावरून बरेच दिवस मनात असलेली गोष्ट मांडतो.

कॉमिक्सच्या पानावर अक्षरं दोन ठिकाणी असतात. एक चौकटीच्या कडेला, निवेदनाच्या पट्टीत. दुसरी माणसाच्या तोंडाजवळ, फुग्यात. आता आपलं बघा. माझ्या घरी वर्तमानपत्र मराठी, पोथी मराठी, भजन मराठी, आणि जेवायला हाक मारायची ती कोंकणीत. लाखो घरं अशी आहेत. कादंबरी लिहायला बसलं की एक भाषा निवडावी लागते आणि निवडली की अर्धं घर बाहेर राहतं. कॉमिक्सच्या पानाला दोन्ही जागा आधीपासून आहेत. निवेदन मराठीत, संवाद कोंकणीत. कुर्डीच्या पानावर पट्टीत "पाणी मार्चपासून उतरायला लागतं" आणि फुग्यात म्हातारी म्हणते, "आमचें घर थंय आशिल्लें." कोणाला तळटीप लागणार नाही. सिंधुदुर्गातला वाचकही अडणार नाही.

मला वाटतं गोव्याचं ग्राफिक नॉव्हेल असंच दिसायला हवं आणि ते आपणच करू शकतो, कारण या दोन भाषांत आपण रोज राहतो.

कुंकळ्ळीकर

साळावलीकाठ, कळकळ समजते. पण मला ही वाटणी मान्य नाही, आणि स्पष्ट लिहितो.

निवेदन म्हणजे विचार करणारा आवाज. काळ, कारण, अर्थ तो सांगतो. फुगा म्हणजे घरगुती बोलणं. तुम्ही म्हणता त्या पुस्तकात विचार मराठीत होणार आणि हाका कोंकणीत. हेच तर आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं की कोंकणी बोलायला ठीक, लिहायला मराठी. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो यांना ज्ञानपीठ मिळालं ते कोंकणीत विचार केला म्हणून. कुर्डीची म्हातारी आपलं गाव आठवते तेव्हा ती कोंकणीतच आठवते. मग पट्टीतला मजकूर कोणाच्या डोक्यातला?

पुस्तक करा, मी पहिला विकत घेईन. पण ही वाटणी नियम म्हणून नको.

अंत्रुजी

कुंकळ्ळीकरांच्या शेवटच्या प्रश्नात दम आहे. पट्टीतला आवाज कोणाचा ते आधी ठरलं पाहिजे. तो जर सरकारी अधिसूचनेचा असेल, वर्तमानपत्राचा असेल, त्या काळातल्या मराठी दैनिकातल्या बातमीचा असेल, तर तो मराठीत असणं हे त्या काळाला धरूनच आहे. आणि म्हातारीची आठवण पट्टीत आली तर ती कोंकणीतच यावी. म्हणजे जागेवरून भाषा ठरायला नको, माणसावरून ठरावी.

या संदर्भात पिंगुळीची चित्रकथी बघायला हवी. पेडण्यापासून फार लांब नाही, कुडाळजवळ. ठाकर समाजाची कला. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गाऊन, बोलून गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना या कामासाठी पद्मश्री मिळाली. चित्रावर एक अक्षर नसतं. निवेदन, संवाद, राक्षसाची गर्जना, सगळं एकाच माणसाच्या गळ्यातून येतं आणि ऐकणाऱ्याला कधी कोण बोलतंय याचा घोटाळा होत नाही. आपल्या मातीत चित्रांतून गोष्ट सांगायची एवढी जुनी रीत असताना आपण फक्त इंद्रजालच्या आठवणी काढतो, याचं मला वाईट वाटतं.

अक्षरजुळणी

छापखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मी फुग्यांबद्दल लिहितो. याकडे कोणी बघत नाही आणि मराठी कॉमिक्स वाचायला त्रास होतो तो पुष्कळदा इथेच.

इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक मजकूर मोठ्या लिपीत असतो. सगळी अक्षरं एका उंचीची, वर-खाली काही जात नाही, ओळी चिकटवून बसवता येतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. इंग्रजीत चार ओळी मावतात तिथे मराठीच्या तीन मावल्या तर नशीब. जुन्या भाषांतरित अंकांत फुगा इंग्रजीच्या मापाने काढलेला आणि आत मराठी कोंबलेलं असायचं. अक्षर बारीक करावं लागायचं, मग स्वस्त कागदावर उकार भरून जायचे.

दुसरं, मराठी शब्द लांब होतात. 'बोलल्यानंतरसुद्धा' हा एक शब्द आहे. इंग्रजीत तिथे तीन-चार सुटे शब्द येतात, ते ओळीगणिक तोडता येतात. मांगात तर आणखी अडचण. जपानी मजकूर उभा लिहितात म्हणून फुगे उंच आणि अरुंद असतात. त्यात शिरोरेघेचा लांब शब्द बसवायचा तर मधे तोडावा लागतो आणि तोडलेली शिरोरेघ डोळ्याला खुपते. कोणी मांगा मराठीत आणायचं ठरवलं तर भाषांतरकाराने आखूड शब्दांचं मराठी लिहायला हवं. ते मराठीत भरपूर आहे. 'गेला. बसला. पाहतो तर काय.' असं. बखरीतलं मराठी फुग्यात मस्त बसेल.

आवाजाच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. धप्प, खळ्ळकन, सर्रकन, टपटप, रिपरिप, भुर्रकन. जपानी चित्रकार आवाज चित्राचाच भाग म्हणून काढतात आणि शांततेसाठीसुद्धा त्यांच्याकडे 'शीऽऽन' असा आवाज आहे. तसा मराठीत कोणी हाताने रंगवलेला आवाज काढला, पाटी रंगवणाऱ्या जुन्या माणसांच्या वळणाचा, तर पान उठून दिसेल. गोव्यात अजून हाताने पाट्या रंगवणारे आहेत. त्यांना गाठा. संगणकावरचा तयार टंक ताणून 'धडाम' करू नका.

पैंगीणवाली

@अक्षरजुळणी, फुग्यांच्या आकारावर आणखी एक. 'भीमायन' (नवयान, २०११) पाहिलंय का? डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचं पुस्तक, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग. त्यांनी चौकोनी चौकटी नाकारल्या, गोंडांच्या भिंतीवरच्या दिग्ना नक्षीची वळणं पानभर फिरतात. आणि फुगे! मवाळ, माणुसकीचं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द वाचायच्या आधीच कळतं समोरचा काय टाकणार आहे. शाळेत पाणी नाकारलेल्या मुलाच्या प्रसंगात ती नांगी बघून माझा हात पानावर थांबला.

त्याच प्रकाशनाने त्याच वर्षी 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' काढलं. जोतिबा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर आधारित, लेखन श्रीविद्या नटराजन, चित्रं अपराजिता नैनन. १८७३ सालचं मराठी पुस्तक, संवादाच्या रूपात लिहिलेलं, म्हणजे फुग्यांसाठी जणू तयारच. त्याचं ग्राफिक रूप इंग्रजीत झालं. चित्रांत धार आहे, पण मला ते थोडं भाषणासारखं वाटलं. व्याम दांपत्याची चित्रं जसा स्वतःचा विचार करतात तसा इथे कमी जाणवतो. तरी जोतिरावांचं मराठी, त्यांच्याच ठसक्यात, फुग्यांमध्ये वाचायला मिळावं असं फार वाटतं. मूळ मजकूर आपल्याकडेच आहे ना?

रात्रपाळी

बातम्या कोणी टाकल्या नाहीत म्हणून भराभर.

'ड्रॅगन बॉल'चे कर्ते अकिरा तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात भयमांगाचे गुरू काझुओ उमेझू. माय हीरो अकॅडेमिया ऑगस्ट २०२४ मध्ये आणि जुजुत्सु कायसेन सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं. बर्सर्क या मांगाचे कर्ते केंतारो मिउरा २०२१ मध्ये गेल्यावर त्यांचे मित्र कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच स्टुडिओने २०२२ पासून काम पुढे चालू ठेवलंय. रेषेत फरक जाणवतो, पण मी वाचतो. मित्राने मित्राकडून ऐकलेली गोष्ट पुरी करणं मला मोठं वाटतं.

आणि ज्यांना मारामारी नको त्यांच्यासाठी : जिरो तानिगुची यांचं 'द वॉकिंग मॅन'. एक माणूस आपल्या वस्तीत चालतो. कुत्रा, पाऊस, झाडावर अडकलेलं खेळणं. जवळपास शब्द नाहीत. पणजीतल्या फोंताइन्यांत राहणाऱ्यांनी तर वाचाच.

जुनें गोंय

विषयांची यादी होतेय तर माझा एक. अंजिरो.

जपानहून पळालेला हा माणूस मलाक्यात फ्रान्सिस झेवियरना भेटला, गोव्यात आला, १५४८ मध्ये इथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पाउलो द सांता फे असं नाव मिळालं. सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. पुढच्या वर्षी झेवियर त्याला घेऊन जपानला गेले, ऑगस्ट १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले. त्या कॉलेजची आज एक कमान उरली आहे, जुन्या गोव्यात, रस्त्याच्या कडेला. लोक गाडीतून बघत पुढे जातात.

आपली मुलं एवढी जपानवेडी आहेत. पहिला जपानी माणूस जुन्या गोव्याच्या बाजारात काय बघत असेल, काय खात असेल, कोणाशी कुठल्या भाषेत बोलत असेल? फुग्यात पोर्तुगीज, कोंकणी, जपानी सगळं येईल. पेडण्याच्या पोरीने हे मनावर घ्यावं.

पेडण्याची पोर

अंजिरो मनावर घेतलाय! पण आधी कुर्डी. मला चित्रकला येते, गोष्ट लिहायची सवय नाही. साळावलीकाठकाका आणि कुंकळ्ळीकरकाका दोघांचं वाचून एक पान शब्दांत मांडलंय, बघा :

चौकट १, पानभर रुंद. पाणी. काहीच नाही. पट्टीत वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं : 'साळावली जलाशयाची पातळी घटली.'
चौकट २. चिखलातून वर आलेला चिऱ्यांचा चौथरा. पट्टी : 'पाण्याखालून एका घराचा चौथरा दिसू लागला आहे.'
चौकट ३. म्हातारी बाई, बाजूला नात मोबाइल धरून. म्हातारी : "पळय, ही बांय आमची."
चौकट ४. विहिरीत डोकावणाऱ्या दोघी, वरून. म्हातारीची आठवण, पट्टीत, पण कोंकणीत आणि हाताच्या अक्षरात.

चौथ्या चौकटीतली आठवण काय असावी ते कुर्डीच्या माणसांना विचारूनच लिहायचं. मनाने रचायची नाही, असं मला वाटतं.

कुंकळ्ळीकर

हाताच्या अक्षरातली कोंकणी पट्टी. हें म्हाका मान्य. वाडे गावात माझे सोयरे आहेत, मूळचे कुर्डीचे. मे महिन्यात ते जातातच, तुला घेऊन जातील. आधी ऐक, मग काढ.

अक्षरजुळणी

पान चांगलं आहे, बाय. दोन सूचना.

दुसऱ्या चौकटीतली पट्टी काढून टाक. चौथरा तू चित्रात दाखवतेच आहेस, तेच अक्षरांत कशाला? त्याऐवजी तिथे फक्त आवाज ठेव, चिखलात पाय रुतल्याचा 'पच्च', हाताने काढलेला.

आणि फुगे आधी काढू नकोस. आधी मजकूर पेन्सिलीने लिही, म्हातारीचं वाक्य 'पळय' आणि 'ही बांय आमची' अशा दोन ओळींत तोड, मग त्याभोवती फुगा काढ. 'बांय'वरच्या अनुस्वाराला वर जागा सोड. कच्चं पान इथे टाक, मी अक्षरांची मापं लावून परत पाठवतो.